‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा: गाडीचा ॲम्प घरी दुरुस्त करताना

प्रश्न चिपळूणहून आलाय. थोडक्यात असा: पुढच्या सीटखाली चार चॅनलचा क्लास एबी ॲम्प (स्पीकरसाठी आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) आहे, अडीच वर्षं उत्तम चालला. एक आणि दोन नंबरच्या चॅनलवर दारातले स्पीकर, तीन-चार ब्रिज करून (दोन्ही मिळून एकच स्पीकर चालवतील असे जोडून) त्यावर ४ ओहमचा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. मे महिन्यात तसाच दुसरा सबवूफर पहिल्याला पॅरलल जोडला. तेव्हापासून लांबच्या प्रवासात मध्येच ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागून आवाज बंद व्हायचा आणि वीसेक मिनिटांनी आपोआप परत सुरू व्हायचा. जुलैत एकदा बंद पडला तो कायमचाच. आता चालू केला की दोन सेकंदांत लाल दिवा. फ्यूज शाबूत आहेत. दुकानदाराचं म्हणणं, पावसाचं पाणी गेलं, बोर्ड संपला, नवीन घ्या. घरात मल्टिमीटर आणि २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे. घरी जमेल का?

जमेल. आणि तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे. वीस मिनिटांनी परत सुरू व्हायचा, ही त्यातली सगळ्यात मोलाची ओळ. पाण्याने बिघडलेला ॲम्प असा वेळेवर बंद होऊन वेळेवर सुरू होत नाही. तापून बंद पडणारा आणि थंड झाल्यावर चालू होणारा ॲम्प असा वागतो. मे महिन्यात तुम्ही दुसरा सब जोडलात तेव्हाच त्याच्यावर न झेपणारं ओझं पडलं. दोन महिने त्याने तक्रार केली आणि जुलैत त्याचा एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. हा माझा अंदाज. तो खरा की खोटा हे मीटर सांगेल.

ओझं कसं पडलं ते आधी समजून घ्या, नाहीतर दुरुस्त केलेला ॲम्प पुन्हा त्याच वाटेने जाईल. ४ ओहमचे दोन सब पॅरलल म्हणजे २ ओहम. ब्रिज केल्यावर दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकलतात, त्यामुळे प्रत्येक चॅनलला जोडलेल्या रोधाच्या निम्माच रोध जाणवतो. एक सब होता तेव्हा प्रत्येक चॅनल २ ओहम पाहत होता आणि बहुतेक चार चॅनलचे ॲम्प तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. दुसरा सब आला आणि तो आकडा १ ओहमवर आला. प्रवाह जवळपास दुप्पट, उष्णता त्याच प्रमाणात किंवा जास्त. त्यात सीटखालची कोंदट जागा आणि खाली गालिचा. ॲम्पच्या पाठीवर छापलेलं असतं, ‘ब्रिज्ड, किमान ४ ओहम’. ही ओळ फार थोडे लोक वाचतात.

आता कामाला लागू. ॲम्प गाडीतून काढायची घाई नको, पहिल्या तीन गोष्टी गाडीतच पाहायच्या.

मीटरची काळी सळई ॲम्पच्याच ग्राउंडच्या स्क्रूवर ठेवा, गाडीच्या पत्र्यावर नको. लाल सळई बी प्लसवर, म्हणजे बॅटरीच्या प्लसची वायर येते त्या स्क्रूवर: गाडी बंद असताना १२.५ च्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट. मग लाल सळई रिमोटच्या, म्हणजे स्टिरिओकडून चालू होण्याचा इशारा येतो त्या स्क्रूवर: स्टिरिओ चालू केला की १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. तिसरी मोजणी बहुतेक लोक करतच नाहीत. एक सळई बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी ॲम्पच्या ग्राउंडवर, आणि ॲम्प चालू. इथे जवळपास शून्य हवं, जोरात गाणं वाजत असताना ०.२ व्होल्टच्या आत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर ग्राउंडच्या बोल्टखालचा रंग खरवडलेला नाही किंवा तिथे गंज आहे. कोकणात हा दोष मी इतक्यांदा पाहिलाय, की तिकडून आलेल्या माणसाला आधी ग्राउंडचा बोल्टच काढायला सांगतो. चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, रिंग घट्ट आवळायची आणि वरून ग्रीस लावायचं.

मग ॲम्पचे सगळे स्पीकर आणि आरसीए (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढून टाका. फक्त बॅटरी, ग्राउंड आणि रिमोट ठेवा आणि चालू करा. लाल दिवा लागला नाही तर ॲम्प ठणठणीत आहे, दोष बाहेर आहे. मग एकेक स्पीकर जोडत जायचं. ज्याला जोडल्यावर दिवा लागेल तो गुन्हेगार. बहुतेकदा दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर घासून उघडी पडलेली असते आणि पत्र्याला टेकते. स्पीकरच्या दोन टोकांत ३.२ ते ३.८ ओहम दिसले तर तो ४ ओहमचा स्पीकर ठीक. त्यातलं कुठलंही टोक आणि गाडीचा पत्रा यांत मीटरने काहीच दाखवायला नको.

सगळं काढूनही लाल दिवा आला तर ॲम्प बाहेर काढा. तुमच्या बाबतीत हेच होणार असं मला वाटतं.

उघडण्याआधी दोन शब्द जपून राहण्याबद्दल. आत २३० व्होल्ट नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात. पण गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते. पाना तिच्या दोन खांबांवर पडला तर तिथेच चिकटून लाल होतो. बोटातली अंगठी, मनगटावरचं धातूचं घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच. कपॅसिटर फुटला किंवा मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) उडाला तर तुकडे थेट तोंडाकडे येतात. बॅटरी चार्ज होत असलेल्या बंद खोलीत हे काम करायचं नाही. आणि वीज तोडल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले असतात. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्यांच्या दोन टोकांना दहा सेकंद धरून ते रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामं करायची सवय असेल तर ती सोडा. त्याने कपॅसिटर आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन्ही दुखावतात. मोठ्या मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या ॲम्पमध्ये आतल्या अधिक आणि उणे पुरवठ्याच्या दोन रेलमधला दाब शंभर व्होल्टच्या वर जातो, त्याचा झटका जोरदार बसतो.

तळाचा पत्रा काढलात की लगेच हात घालू नका. मोबाइलवर फोटो काढा, चारी बाजूंनी. कुठला स्क्रू कुठे होता, कुठल्या ट्रान्झिस्टरखाली अभ्रक होतं आणि कुठे सिलिकॉनचा पॅड, हे दोन दिवसांनी आठवत नाही. मग वास घ्या. जळलेल्या रेझिस्टरचा वास आणि जळलेल्या वार्निशचा वास वेगळा असतो. आठ-दहा ॲम्प उघडले की नाकालाच कळायला लागतं. डोक्यावर फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेले रेझिस्टर, आरसीएच्या सॉकेटमागे आणि जाड पायांभोवती पडलेली गोल भेग पाहा. तीच ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सोल्डरचा जोड. आणखी एक पाहायचं: मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळा गोंद लावतात. उष्णतेने तो वर्षानुवर्षं भाजून तपकिरी-काळा झाला की काही वेळा वीज वाहू देतो. अशा गोंदाखाली दोन पाय असतील तर तो हलक्या हाताने खरवडून काढा.

पाण्याचा संशय इथेच मिटतो. बोर्डावर पाणी गेलं असेल तर पायांवर हिरवट-पांढरा थर दिसेल, स्क्रूंना गंज असेल. टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवल्यावर असे ॲम्प पुष्कळदा जागे होतात. तसं काही दिसलं नाही तर दुकानदाराचं निदान बाजूला ठेवा.

आता बोर्डाची ओळख. याशिवाय मोजमाप म्हणजे अंधारात हात फिरवणं आहे. गाडीत १४ व्होल्ट असतात. त्यावर थेट चालणारी स्टिरिओची चिप ४ ओहमच्या स्पीकरला खरोखरचे १८-२० वॅट देते, त्यापुढे जाऊ शकत नाही. जास्त ताकदीसाठी जास्त व्होल्ट हवेत. म्हणून ॲम्पच्या आत दोन यंत्रं असतात. एका बाजूला, जिथे बॅटरीच्या जाड वायरी येतात, तिथे पॉवर सप्लाय: टीएल ४९४ किंवा त्याच पायांची केए ७५०० ही चिप, तिच्या हुकमावर आलटून पालटून चालू-बंद होणारे मॉसफेटचे दोन गट, तांब्याची तार गुंडाळलेलं गोल कड्यासारखं ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे रेक्टिफायर डायोड. तिथून अधिक आणि उणे अशा दोन रेल निघतात. तुमच्या आकाराच्या ॲम्पमध्ये साधारण २५ ते ३५ व्होल्टच्या. दुसऱ्या बाजूला त्या रेलवर जगणारे आउटपुट ट्रान्झिस्टर. पहिल्या यंत्राला प्रायमरी म्हणा, दुसऱ्याला सेकंडरी.

मोजताना प्रायमरीतलं सगळं बॅटरीच्या ग्राउंडपासून मोजायचं आणि सेकंडरीतलं सगळं ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून, म्हणजे सेकंडरीचे दोन मोठे कपॅसिटर जिथे एकमेकांना मिळतात तिथपासून. ही दोन ग्राउंड बऱ्याच ॲम्पमध्ये थेट जोडलेली नसतात, मध्ये काही शे ओहमचा रेझिस्टर असतो. सेकंडरीचं माप गाडीच्या ग्राउंडपासून घेतलंत तर आकडे भलतेच येतील आणि चांगले भाग वाईट वाटतील.

आणि प्रोटेक्ट म्हणजे काय? तो स्वतः दोष नाही, पहारेकरी आहे. हीट सिंक साधारण ८० अंशांच्या वर गेला, आउटपुटमधून नको तेवढा प्रवाह गेला किंवा स्पीकरच्या टोकावर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर दाब आला, तर तो पॉवर सप्लायला थांबवतो. बहुतेक ॲम्पमध्ये टीएल ४९४ च्या चौथ्या पायावर ३ व्होल्टच्या वर दाब देऊन. हा पहारेकरी कापून टाका, दिवा जाईल, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तसं करू नका. दिवा जाईल आणि पूर्ण रेल स्पीकरवर जाऊन त्याची कॉइल जळेल. तोपर्यंत मॉसफेटही गेलेले असतील.

तुमचे फ्यूज शाबूत आहेत, म्हणून प्रायमरी बहुधा ठीक आहे. तरी बी प्लस आणि ग्राउंड यांच्यात एकदा ओहम मोजा. आकडा हळूहळू वाढत गेला तर कपॅसिटर भरतायत, चांगलं लक्षण. शून्याला चिकटून राहिला तर मॉसफेट किंवा उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड शॉर्ट आहे. हा डायोड जंप-स्टार्ट करताना वायरी उलट लावल्या की स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचा ॲम्प वाचवतो. ‘लावला की फ्यूज उडतो’ अशा कितीतरी ॲम्पमध्ये मला फक्त एवढा एक भाग गेलेला सापडलाय.

तुमचं खरं काम सेकंडरीत आहे, आणि इथे तुमच्याकडे एक मोठी सोय आहे जी मोनो ॲम्पवाल्याकडे नसते. चार चॅनलचा ॲम्प म्हणजे एकाच सर्किटच्या चार प्रती. सर्किटचा नकाशा मिळत नाही म्हणून लोक हात टेकतात, पण एक नंबरचा चॅनल चांगला असेल तर तोच तीन नंबरचा नकाशा आहे. वहीत रकाने आखा: चॅनल एक, दोन, तीन, चार. वीज तोडलेली, कपॅसिटर रिकामे. मीटर डायोडच्या खुणेवर. स्पीकरच्या टोकापासून अधिक रेलपर्यंत, मग उणे रेलपर्यंत, सळया उलटसुलट करून, असे चार आकडे प्रत्येक चॅनलला. तीन रकाने एकमेकांसारखे आणि एक वेगळा आला तर बोट ठेवायची जागा मिळाली. ब्रिजच्या जोडीत एका चॅनलचं मायनसचं टोक सिग्नलचं असतं आणि प्लसचं ग्राउंडचं, कारण तो चॅनल आतून उलटवलेला असतो. तेव्हा त्या चॅनलला दुसरं टोक धरून पाहा, घाबरू नका.

माझा अंदाज, चॅनल तीन किंवा चारमध्ये एका रेलकडे मीटर बीप करेल. मग त्या चॅनलच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर या. टिप ३५ आणि टिप ३६ असोत किंवा ५२००–१९४३ ची जोडी, छापील बाजू आपल्याकडे धरली की पाय डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. कलेक्टर आणि एमिटरमध्ये बीप म्हणजे ट्रान्झिस्टर शॉर्ट. बोर्डावर असताना बीप आला म्हणून लगेच दोषी ठरवू नका, शेजारचा शॉर्ट असला तरी हा बीप करतो. बाहेर काढून परत मोजा. त्यांच्या एमिटरला पांढरे चौकोनी सिमेंट रेझिस्टर असतात, ०.१ ते ०.३३ ओहमचे. मीटरच्या सळयांचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो, म्हणून नेमका आकडा मिळणार नाही. पण ओपन झालेला, म्हणजे आतून तुटलेला रेझिस्टर लगेच कळतो. शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरबरोबर हा रेझिस्टर आणि मागचा लहान ड्रायव्हर ट्रान्झिस्टर हे दोघं फार वेळा जातात. तिन्ही तपासल्याशिवाय नवा भाग लावायचा नाही.

शॉर्ट झालेले ट्रान्झिस्टर काढलेत की नवे लावायच्या आधी ॲम्प एकदा तसाच चालू करून पाहायचा. पण बॅटरी थेट लावून नाही. हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा जुना बल्ब घ्या, त्याची एकच फिलामेंट वापरा, आणि बॅटरीचा प्लस या बल्बमधून ॲम्पच्या बी प्लसला न्या. घरी २३० व्होल्टला सिरीज बल्ब लावून शॉर्ट तपासतात, तेच तत्त्व. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि जास्तीत जास्त साडेचार-पाच अँपिअर जाऊ देतो, मॉसफेट वाचतात. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, कपॅसिटर भरतात, आणि मग तो विझल्यासारखा होतो. रिमोटला ॲम्पच्या बी प्लसच्या स्क्रूवरून एक पातळ वायर द्या. ही सोय मी बावीस वर्षं वापरतोय आणि तिने वाचवलेल्या मॉसफेटची मोजदाद नाही.

एक लक्षात ठेवा: मॉसफेट आणि ट्रान्झिस्टर हीट सिंकला दाबून बसवलेले असल्याशिवाय ॲम्प चालू ठेवायचा नाही. बोर्ड उघडा हातात धरून ‘दोनच मिनिटं’ चालवणाऱ्यांचे मॉसफेट त्या दोन मिनिटांतच जातात.

बल्बवर ॲम्प चालू झाला, लाल दिवा लागला नाही, की सेकंडरीच्या मधल्या टोकापासून दोन्ही रेल मोजा. अधिक आणि उणे सारखे हवेत, एखाद्या व्होल्टचा फरक चालतो. मग आठ पायांचे ऑपॲम्प शोधा, टीएल ०७२ किंवा ४५५८. त्यांच्या आठव्या पायावर अधिक आणि चौथ्यावर उणे साधारण १५ व्होल्ट हवेत. शेवटी प्रत्येक स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा, स्पीकर न जोडता. ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तर निश्चिंत. कुठे ॲम्प लगेच प्रोटेक्टमध्ये जात असेल तर मीटर आधी लावून ठेवा आणि मग रिमोट द्या. त्या पहिल्या दोन सेकंदांत ज्या चॅनलवर व्होल्ट उसळी मारतात तो दोषी.

रेलच आल्या नाहीत तर टीएल ४९४ कडे जा. बाराव्या पायावर बॅटरीचे व्होल्ट, चौदाव्यावर बरोबर ५ व्होल्ट. चौदाव्यावर ५ नसतील तर चिप गेलेली किंवा तिच्यावर कोणीतरी ओझं टाकलंय. चौथ्यावर ३ च्या वर असतील तर पहारेकऱ्यानेच थांबवलंय, कारण मागे शोधा.

आता भाग आणायचे. तुम्हाला पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठावा लागेल, नाहीतर ओळखीच्या दुकानातून मागवा. ५२००–१९४३ या जोडीच्या नकला बाजारात इतक्या आहेत, की मी नवीन दुकानातून घेतले तर एक जास्तीचा घेऊन फोडून पाहतो. जुना जळालेला अस्सल ट्रान्झिस्टर आणि नवा, दोघं पकडीत धरून फोडा. आतली सिलिकॉनची चकती अस्सलमध्ये चांगली मोठी दिसते, नकलीत तांदळाच्या दाण्याएवढी. असा नकली ट्रान्झिस्टर मीटरवर पास होतो, हळू आवाजात वाजतोही, आणि पहिल्या जोरदार ढोलाच्या ठोक्याला उडतो. जोडीतला एकच गेला असला तरी दोन्ही बदला. एका बाजूला दोन-दोन पॅरलल असतील तर चारही एकाच दुकानातून, एकाच खेपेतले घ्या.

लावण्याचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक आधी सोल्डर करतात आणि मग स्क्रू आवळतात. त्याने पायांवर ताण राहतो आणि सहा महिन्यांत गाडीच्या हादऱ्यांनी सोल्डरला भेग पडते. आधी ट्रान्झिस्टर हीट सिंकला आवळा, पाय बोर्डाच्या भोकांत आपोआप बसू द्या, आणि मग सोल्डर करा. अभ्रकाची चकती फाटलेली, दुमडलेली असेल तर नवी घ्या. तिच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ हात, एवढा की चकती खालून दिसत राहील. लोण्यासारखा थर दिला तर उष्णता अडते. आवळल्यावर कलेक्टर आणि हीट सिंक यांत बीप यायला नको. आला तर अभ्रकाखाली धातूचा कण आहे, उघडून पुसा. तुमची २५ वॅटची आयर्न लहान कामाला ठीक, पण रेलच्या रुंद पट्टीवर ती थंड पडेल आणि तुम्ही दाबत राहाल, पट्टी उखडेल. त्या दोन-चार पायांसाठी ६० वॅटची कोणाकडून तरी मागून आणा.

बोर्डावर लहानसा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) असेल तर तो बायसचा, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या थोड्याशा प्रवाहाचा. तो शेजारच्या चांगल्या चॅनलसारखा ठेवायचा. स्पीकर आणि सिग्नल नसताना चांगल्या चॅनलच्या सिमेंट रेझिस्टरवर किती मिलिव्होल्ट येतात ते पाहा, समजा ५. ०.२२ ओहमवर ५ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २३ मिलिअँपिअर. नव्या चॅनलचा प्रीसेट सर्वात कमीवरून सुरू करून तिथवर आणा आणि दहा मिनिटांनी, ॲम्प कोमट झाल्यावर, पुन्हा बघा. हीट सिंकला टेकलेला जो लहान ट्रान्झिस्टर असतो तो या बायसची उष्णतेनुसार राखण करतो. जोडताना तो हवेत लटकत राहिला तर ॲम्प तापत जाईल आणि बायस वाढत जाईल, दोघं मिळून नवे ट्रान्झिस्टर संपवतील.

तुमचा दोष प्रायमरीत नसावा, तरी एक प्रसंग सांगतो, कारण यातून मी जे शिकलो ते दोन्हीकडे लागू आहे. कऱ्हाडच्या बाजूला वडाप करणाऱ्या एका जीपचा ॲम्प आला होता. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती, त्यामुळे सहाच्या सहा आयआरएफझेड ४४ मॉसफेट जळाले आणि बोर्डाची पट्टीही. मी पट्टी जाड वायरने जोडली, सहा नवे मॉसफेट लावले, ॲम्प वाजला, पोचवला. चौथ्या दिवशी परत आला, तीन मॉसफेट गेलेले. पुन्हा बदलले, आणि या वेळी पोचवायच्या आधी तासभर वाजवत ठेवून प्रत्येक मॉसफेटला बोट लावून पाहिलं. एक बाकीच्यांपेक्षा थंडगार होता. त्याच्या गेटचा, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाचा ४७ ओहमचा रेझिस्टर मी बोर्डावरच मोजला होता आणि ठीक समजलो होतो. सोडवून मोजला तर शेकडो किलोओहम. बाहेरून रंगाचे पट्टे स्वच्छ, आतून फुटलेला. तो मॉसफेट नीट चालू-बंद होतच नव्हता आणि त्याच्या वाट्याचं ओझं शेजारचे दोघं उचलत होते. त्या जीपवाल्या काकांचे चार दिवसांचे हाल माझ्यामुळे झाले, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मॉसफेट गेले की गेटचे सगळे रेझिस्टर आणि त्यांना हाकणारे लहान ट्रान्झिस्टर सोडवून मोजतो, संशय असो वा नसो. मॉसफेट जातो तेव्हा ड्रेनचा (ट्रान्सफॉर्मरकडच्या पायाचा) दाब गेटमधून मागे येतो आणि वाटेत जे असेल ते जखमी करतो.

दुरुस्तीनंतरची चाचणीही टप्प्याटप्प्याने. आधी बल्बवर, एखादा जुना स्पीकर लावून, हळू आवाजात. बल्ब गाण्याच्या ठोक्याबरोबर लुकलुकेल, ते स्वाभाविक आहे. मग बल्ब काढून १० अँपिअरचा फ्यूज. अर्धा तास मध्यम आवाज. हीट सिंकला हात लावा, सगळीकडे सारखा कोमट हवा. मगच मूळ फ्यूज, छापलेल्या आकड्याचाच.

कुठे थांबायचं तेही सांगतो. तुमचा ॲम्प क्लास एबी आहे म्हणून मी घरी करा म्हणालो. क्लास डीचा (आउटपुटही वेगाने चालू-बंद करून चालणारा) मोनो ॲम्प असता, आयआरएस २०९२ सारख्या ड्रायव्हर चिपचा, तर तिथे तांदळाच्या कणीएवढे भाग असतात, वेळेचं गणित नॅनोसेकंदात असतं आणि एक चूक झाली की पूर्ण फळी एकदम जाते. त्याला ऑसिलोस्कोप हवा आणि सरावाचा हात हवा. तसंच ट्रान्सफॉर्मरच जळालं असेल किंवा बोर्ड कोळसा होऊन आरपार भोक पडलं असेल, तर कोळसा वीज वाहतो. तो पूर्ण खरवडून काढता येत नसेल तर तो बोर्ड सोडून दिलेला बरा.

गाडीत परत बसवताना दोन्ही सब पॅरललऐवजी सिरीजमध्ये जोडा. पहिल्याचा प्लस ॲम्पला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस ॲम्पला. दोन्ही मिळून ८ ओहम होतील, प्रत्येक चॅनलला ४. कागदावर वॅट कमी होतील, पण दोन पडदे मिळून हवा हलवणार असल्याने कानाला तेवढी घट जाणवणार नाही, आणि ॲम्प थंड राहील. ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायची कळ आहे. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवा, गेन शून्यावरून वाढवत न्या आणि आवाज फाटायला लागायच्या जरा आधी थांबा. सीटखाली ॲम्प गालिच्यावर थेट ठेवू नका. लाकडाच्या दोन पट्ट्यांवर अर्धा इंच उचलून बसवा, खालून वारं जाईल आणि पावसात ओल्या बुटांचं पाणीही त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

आयर्न तापवण्याआधी तो चार रकान्यांचा तक्ता भरून मला पाठवा, सोबत चॅनल तीन आणि चारच्या ट्रान्झिस्टरवर छापलेले नंबर. काय मागवायचं ते त्यावरून नेमकं सांगता येईल.